हेतू : चौदा टक्के

रणधीर सासनेच्या त्या टॅकलचा हेतू चौदा टक्के निघाला, तेव्हा स्टुडिओत टाळ्या वाजल्या. शेजारच्या खुर्चीतला सुकुमार चौगुले काठी टेकत उठला, त्याने रणधीरला मिठी मारली आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाला, "चोवीस वर्षं मी हेच सांगतोय. आता मशीननंही सांगितलं."

रणधीर हसला. त्याचं ते हसणं वाहिनीने पुढचे आठ दिवस अंतिम सामन्याच्या जाहिरातीत दाखवलं.

मशीन चुकलं होतं. हे साऱ्या जगात एकट्या रणधीरला ठाऊक होतं, कारण तो टॅकल त्याने केला होता.

कोल्हापुरात पेठापेठांचे फुटबॉल संघ तालमींच्या नावाने खेळतात. चोवीस वर्षांपूर्वी रणधीर कमानवेस तालमीचा स्टॉपर, म्हणजे बचावाचा मधला खेळाडू होता आणि सुकुमार तोफखाना तालमीचा फॉरवर्ड. या दोन पेठांचं वैर इतकं जुनं, की सामन्याच्या दिवशी एका पेठेतली पोरगी दुसऱ्या पेठेत दिलेली असली तर ती माहेरी जात नसे. सुकुमार तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्याच्या डाव्या पायात काय होतं ते सांगता येत नाही, बघायलाच पाहिजे होतं. गोव्याच्या एका मोठ्या क्लबची माणसं त्या दिवशी त्याला बघायला गॅलरीत येऊन बसली होती.

त्या सामन्यात सुकुमारने रणधीरच्या दोन पायांमधून चेंडू काढला. पुढे गेला, थांबला, चेंडू घेऊन परत आला आणि पुन्हा एकदा पायांमधून काढला. सगळी गॅलरी हसली. तोफखान्याची हसली त्याचं रणधीरला काही वाटलं नाही. कमानवेसचीही हसली. सदुसष्टावं मिनिट होतं. थ्रो-इनसाठी सगळे थांबले असताना रणधीरने सुकुमारच्या डाव्या पायाकडे बघितलं आणि ठरवलं. राग आला नव्हता. बाजारात जायच्या आधी काय आणायचं ते माणूस ठरवतो, तितक्या शांतपणे त्याने ठरवलं. तीन मिनिटं वाट बघितली. चेंडू आला, तो त्याने जाऊ दिला आणि बुटाचे खिळे सुकुमारच्या नडगीवर पूर्ण वजनानिशी ठेवले.

पत्र्यावर नारळ पडावा तसा आवाज झाला. दोन्ही हाडं मोडली. एक मोजा फाडून बाहेर आलं, आणि पाऊल उलट्या बाजूला वळलं. दोन खेळाडू तिथेच ओकले. गॅलरीतून दगड सुरू झाले, पोलिसांनी लाठ्या चालवल्या, आणि त्या गोंधळात रुग्णवाहिका आत येईना म्हणून रणधीरने सुकुमारला उचलून मागच्या दाराने रिक्षात घातलं. सुकुमारचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. रणधीरला रडू फुटलं. तेव्हा सुकुमार दात आवळून म्हणाला होता, "रडू नको. तू बॉललाच आला होतास. मी बघितलं."

रणधीरने मान हलवली. तेवढंच केलं त्याने. नंतर अकरा दिवस तो दवाखान्यात बसून राहिला, पंचायतीत पेठेच्या माणसांसमोर 'बॉललाच गेलो होतो' असं सांगितलं, आणि सुकुमारने त्याला दुजोरा दिला. सुकुमार पुन्हा कधी खेळला नाही. त्याचा डावा पाय दोन इंचांनी आखूड झाला. पण दोघांची दोस्ती जमली ती जमलीच. सुकुमारच्या लग्नात धावपळ केली रणधीरने, रणधीरच्या मुलीचं बारसं झालं सुकुमारच्या घरी. पुढे वाहिनीने स्थानिक फुटबॉल दाखवायला सुरुवात केली तेव्हा समालोचनासाठी हीच जोडी बसवली. एकाने दुसऱ्याचा पाय मोडलेला आणि दोघं एका माईकवर, हे लोकांना फार आवडलं. सुकुमार सामन्यात एकदा तरी म्हणायचाच, की याने मला मैदानातून उठवून खुर्चीत बसवलं. लोक हसायचे. रणधीरही हसायचा. हसायची सवय होऊन गेली होती.

मग आलं हेतूमापक.

ते डॉ. तेजस्विनी इनामदार नावाच्या संशोधक बाईंनी बनवलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पाय हलायच्या आधी मेंदू त्याची तयारी करतो, आणि ती तयारी शरीरावर उमटते. चेंडू काढायचा असेल तर नजर, कंबर आणि टेकलेल्या पायाचा चवडा तिन्ही चेंडूकडे वळतात. माणूस तोडायचा असेल तर कंबर आधी वळते, घोटा ताठ होतो, जबडा आवळतो आणि शेवटचं पाऊल मंदावायच्या ऐवजी वेग घेतं. हे सगळं सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात घडतं. पंचाच्या डोळ्याला ते पकडता येत नाही. पण मैदानाभोवतीच्या बारा वेगवान कॅमेऱ्यांना येतं, आणि मोज्यांत विणलेल्या बारीक तारांना येतं, ज्या स्नायूंतली वीज मोजतात. या सगळ्याचा हिशेब करून मापक एक आकडा द्यायचं. शंभरापैकी इतका हेतू. जुन्या सामन्यांचा आकडा ते नुसत्या चित्रफितीवरून काढायचं.

पण हेतू म्हणजे काय, हे यंत्राला कुणीतरी शिकवायला हवं होतं. त्यासाठी बाईंनी साठ निवृत्त खेळाडूंना बोलावलं. प्रत्येकाच्या डोक्यावर जाळीची टोपी चढवली आणि समोर पडद्यावर जुने टॅकल दाखवले, अकराशे. आयुष्यभर खेळलेल्या माणसाचा मेंदू नुसतं बघतानाही गप्प बसत नाही. पाय खुर्चीखाली असतात, पण पायांना जाणारे हुकूम बारीक बारीक सुटत राहतात, जणू समोरचा टॅकल तोच करतोय. कुठला टॅकल बघताना शरीर चेंडूसाठी हलतं आणि कुठला बघताना माणसासाठी, ते यंत्र या हुकुमांवरून शिकलं. साठ जणांत सगळ्यांत स्वच्छ संदेश रणधीरचे होते. म्हणून यंत्राने सगळ्यांत जास्त भरवसा त्याच्यावर ठेवला.

त्या अकराशेत त्याचा स्वतःचा टॅकलही होता. तो पडद्यावर आला तेव्हा रणधीर दगडासारखा बसून राहिला. आत काही हलू दिलं नाही. चोवीस वर्षांचा सराव होता.

अंतिम सामना पुन्हा कमानवेस आणि तोफखान्यातच होता. मैदान दुपारी दोनलाच भरलं. समालोचकांची काचेची खोली मुख्य गॅलरीच्या माथ्यावर होती. वाहिनीचा नियम असा, की आकडा आधी खोलीतल्या लहान पडद्यावर यायचा, समालोचकाने तो तोंडाने सांगायचा, आणि मगच तो मैदानातल्या मोठ्या पडद्यावर झळकायचा. लोकांना जुन्या खेळाडूच्या तोंडून ऐकायचं असतं, असं वाहिनीचं मत होतं.

पहिल्या हाफमध्येच सहा पिवळी कार्डं निघाली. कमानवेसच्या गोलकीपरचं नाक कोपराने फुटलं. तोफखान्याच्या एका पोराच्या तोंडातून रक्तासकट दात पडला, तो त्याने मैदानाबाहेर भिरकावला आणि खेळत राहिला. प्रत्येक आकड्याला गॅलरी उठून उभी राहत होती. पूर्वी फाऊल झाला की लोक वाद घालायचे, मुद्दाम केला की चुकून झाला. आता वाद उरला नव्हता. आकडा यायचा आणि लोक थेट शिव्यांवर यायचे.

बहात्तराव्या मिनिटाला तोफखान्याचा फॉरवर्ड आदिनाथ खोत चेंडू घेऊन सुटला. त्याच्यासमोर कमानवेसचा स्टॉपर होता, इंद्रजित कुरणे, एकोणीस वर्षांचा, रणधीरच्याच जुन्या जागेवर खेळणारा. इंद्रजित घसरत आला. दोघं आदळले. आदिनाथचा पाय घोट्याच्या वर वाकडा झाला आणि त्याची किंकाळी काचेतून आत ऐकू आली. पंचाने लाल कार्ड दाखवलं. इंद्रजित डोक्याला हात लावून उभा होता.

लहान पडद्यावर आकडा आला. त्र्याण्णव.

रणधीरने तो बघितला. त्याच्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की यंत्र चुकतं. ते त्याच्याइतकं खात्रीने कुणालाच माहीत नव्हतं. खाली तोफखान्याची गॅलरी जाळीला चिकटली होती.

सुकुमारला त्याच्या खुर्चीतून तो पडदा दिसत नव्हता. त्याने विचारलं, "किती आलं? सांग की."

पाच सेकंद गेले. कानातल्या यंत्रातून दिग्दर्शक आकडा, आकडा असं ओरडत होता. नाही सांगितलं तर का नाही, हे सांगावं लागलं असतं. रणधीर म्हणाला, "त्र्याण्णव."

जाळी पहिल्याच धक्क्याला पडली. दोनशे, तीनशे, मग मोजता येईनात इतकी माणसं मैदानात शिरली. इंद्रजित ड्रेसिंग रूमच्या बोगद्याकडे पळाला, पण बोगद्याच्या तोंडाशीही माणसं होती. त्याला मध्यरेषेजवळ पाडलं. एकाने त्याच्या छातीवर गुडघा दिला, दुसऱ्यांनी पाय धरले, आणि बाकीचे लाथा घालायला लागले. ते आकडा म्हणत होते. त्र्याण्णव, त्र्याण्णव, आणि दर आकड्याला एक लाथ. कुणीतरी कॉर्नरचं निशाण उपटून आणलं.

सुकुमारने कानातलं यंत्र ओढून काढलं आणि तो उठला. रणधीर त्याला म्हणाला, की जाऊ नको, तुला जमायचं नाही. सुकुमारने ऐकलं नाही. काठी टेकत, कठडा धरत तो बेचाळीस पायऱ्या उतरला आणि त्या गर्दीत घुसला. ती त्याच्याच पेठेची माणसं होती, त्याला देव मानणारी. तो त्यांना नावं घेऊन हाका मारत होता, हात धरून मागे ओढत होता. एका विटेने त्याचं कपाळ फुटलं. तरी तो इंद्रजितपर्यंत पोचला आणि त्याच्या अंगावर आडवा पडला. तोपर्यंत निशाणाची काठी त्या पोराच्या डाव्या डोळ्यात गेली होती.

रणधीर वर काचेमागे उभा होता. माईक चालू होता आणि तो बोलत होता. पोलीस आले, अश्रुधूर सोडला, लोक मागे हटतायत, असं सगळं तो नीट सांगत राहिला. रात्रीच्या बातम्यांत त्याच्या संयमाचं कौतुक झालं.

पुढच्या चार दिवसांत आदिनाथच्या पायात सळई बसवली आणि इंद्रजितचा डोळा काढला. कमानवेसच्या पोरांनी तोफखान्यातली तीन दुकानं फोडली. तोफखान्याने इंद्रजितच्या घरावर दगडफेक केली. त्याच्या आईने पुढचं दार आतून फळ्या ठोकून बंद केलं आणि ती मागच्या बोळातून ये-जा करायला लागली. पोलिसांनी मारणाऱ्यांपैकी नऊ जणांना धरलं, पण इंद्रजितवरही जाणूनबुजून गंभीर इजा केल्याचा गुन्हा दाखल केला. पुरावा म्हणून त्र्याण्णव हा आकडा जोडला. मारणाऱ्यांचा वकील कॅमेऱ्यांसमोर म्हणाला, की लोक भडकले ते उगाच नाही, यंत्रानेच सांगितलं होतं.

रणधीर तेजस्विनीबाईंना जाऊन भेटला. त्याने विचारलं, यंत्र चुकत असेल तर?

बाई त्याच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की यंत्र चारशे प्रकरणांवर तपासून पाहिलं आहे. लोकांना शंका असणं वेगळं आणि पुरावा वेगळा. "सर, मला एक उदाहरण द्या," त्या म्हणाल्या. "एकच. जिथं खरा हेतू काय होता ते खात्रीनं माहीत आहे आणि यंत्रानं उलट सांगितलंय. मी स्वतः कोर्टात जाऊन यंत्र मागे घेते. पण खरा हेतू माहीत असणार कुणाला? ज्याचा पाय होता त्यालाच."

रणधीर घरी आला आणि बायकोला, सुनीताला, सगळं सांगितलं. तिने एवढंच म्हटलं, की कोर्टात सांगा, टीव्हीवर सांगा, कुठंही सांगा, पण आधी सुकुमारभावजींना सांगा. त्यांच्या घरी जाऊन सांगा. त्यांना ते दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये.

रणधीर गेला. सुकुमारच्या कपाळाला अकरा टाके होते, डोळा सुजून मिटला होता. त्याने रणधीरला बघून बायकोला चहा टाकायला सांगितला, त्याच्या मुलीची चौकशी केली, आणि रणधीर काहीतरी बोलायला तोंड उघडतोय हे बघून स्वतःच म्हणाला, की तू त्या आकड्याचं मनाला लावून घेऊ नको. तुझं काम होतं वाचायचं. तू आकडा वाचलास. मी तुझ्या जागी असतो तर मीही वाचला असता. मग त्याने रणधीरच्या पाठीवर हात फिरवला. रणधीरने चहा प्यायला आणि तो घरी परत आला. सुनीताने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं, की याने सांगितलं नाही.

रविवारी दुपारी सामन्यावरचा खास कार्यक्रम होता. त्याच स्टुडिओत, त्याच खुर्च्यांवर. निवेदक मुलीने प्रेक्षकांना आठवण करून दिली, की याच मापकाने रणधीर सरांना चौदा टक्के देऊन निर्दोष ठरवलं होतं, म्हणजे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. मग तिने रणधीरकडे बघितलं.

"तो चौदा आकडा खोटा आहे," रणधीर म्हणाला. "सदुसष्टाव्या मिनिटाला मी सुकुमारचा पाय मोडायचं ठरवलं. सत्तराव्या मिनिटाला मोडला. बॉल मी बघितला होता. सोडून दिला."

ती मुलगी हसली, चेष्टा असेल असं वाटून. मग थांबली.

रणधीर पुढे बोलत राहिला, कारण थांबला असता तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. थ्रो-इनला कुठं उभा होतो, गॅलरी कशी हसली, राग कसा नव्हता, खिळे कुठं ठेवले, सगळं सांगितलं. हे यंत्र मला ओळखू शकलं नाही, तर त्या पोराला काय ओळखणार, असं म्हणाला.

सुकुमार पुढच्या टेबलाकडे बघत होता. "परत सांग," तो म्हणाला.

रणधीर त्याच्याकडे वळला आणि त्याने परत सांगितलं, एका वाक्यात.

"रिक्षात तुझी समजूत मी काढली," सुकुमार हळू आवाजात म्हणाला. "पाय माझा लोंबत होता, आणि समजूत मी तुझी काढत होतो."

मग तो उठला. काठी त्याने दोन्ही हातांनी धरली आणि पहिला तडाखा रणधीरच्या जबड्यावर बसला. रणधीर खुर्चीसकट मागे पडला. दुसरा खांद्यावर, तिसरा बरगड्यांवर, चौथा पुन्हा तोंडावर. निवेदक मुलगी भिंतीला जाऊन टेकली. रणधीरच्या तोंडातून रक्त आणि दाढेचे तुकडे पांढऱ्या फरशीवर पडले. सुकुमार ओरडत नव्हता. त्याचा नुसता श्वास ऐकू येत होता, माईकमधून, घराघरांत. पाचवा तडाखा त्याने नेम धरून नडगीवर मारला. सहावाही तिथेच. सातव्याला काठी मोडली. काठी नसली की सुकुमारला उभं राहता येत नसे. तो रणधीरच्या अंगावर कोसळला आणि पडल्यापडल्या मुठींनी मारत राहिला, हात चालेनासे होईपर्यंत.

दिग्दर्शकाने प्रक्षेपण तोडलं नाही. एक्केचाळीस सेकंद सगळं दिसत राहिलं. लोक नंतर म्हणाले, की रणधीर मोठ्या मनाचा, एकदाही हात वर केला नाही. खरं तर हात वर करायचं त्याला सुचलंच नव्हतं.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. डॉक्टरांनी वरचे खालचे दात तारेने बांधले. तिसऱ्या दिवशी तेजस्विनीबाई दवाखान्यात आल्या. त्यांची झोप झालेली दिसत नव्हती. त्यांनी चूक शोधून काढली होती. रणधीरने स्वतःचा टॅकल बघताना शरीर गोठवून ठेवलं होतं, आणि यंत्राचा भरवसा त्याच्यावरच जास्त. तेव्हा यंत्र असं शिकलं, की शांत शरीर म्हणजे निर्दोष शरीर. थंड डोक्याने केलेले टॅकल ते सोडून देत होतं आणि रागाने आवळलेला प्रत्येक जबडा त्याला हेतू वाटत होता. रणधीरला वगळून त्यांनी इंद्रजितचा आकडा पुन्हा काढला. एक्केचाळीस आला. त्यावर कुणाला फासावर देता येत नाही आणि सोडताही येत नाही, असं त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी हेतू मोजत नव्हते सर. मी राग मोजत होते."

त्यांनी शब्द पाळला. कोर्टात उभं राहून यंत्र मागे घेतलं. इंद्रजितवरचा गुन्हा रद्द झाला. वाहिनीने मापक बंद केलं आणि नवे दोन समालोचक आणले. सुकुमारवर रणधीरने तक्रार दिली नाही. सुकुमारने पुन्हा माईक हातात धरला नाही, आणि रणधीरच्या घरून गेलेला फोनही उचलला नाही. सुनीता एकदा त्याच्या घरी जाऊन आली. त्याने तिला आत बोलावलं, चहा दिला, आणि रणधीरचं नाव काढू दिलं नाही.

दीड महिन्याने, एका सकाळी रणधीर इंद्रजितला भेटायला गेला. पुढच्या दाराच्या फळ्या काढल्या होत्या, खिळ्यांची भोकं चौकटीत दिसत होती. इंद्रजितच्या आईने रणधीरला बघितलं आणि ती त्याच्या पाया पडायला वाकली. रणधीरने तिला धरून उभं केलं. तिने सांगितलं, की तुमच्यामुळं माझ्या पोराच्या कपाळावरचा डाग गेला, डोळा गेला तो गेला, देवाची मर्जी. काल तालमीत जाऊन पेढे ठेवून आले. मग ती चहा करायला आत गेली.

इंद्रजित खिडकीपाशी बसला होता. डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. गाल पूर्वीपेक्षा आत गेले होते. त्याने आतल्या खोलीकडे बघितलं, भांड्यांचा आवाज येतोय याची खात्री करून घेतली, आणि म्हणाला, "काका, ते मशीन बरोबर होतं."

रणधीरला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आदिनाथ पूर्ण हाफभर माझ्या आईवरून बोलत होता. दोनदा तोंडावर थुंकला. मग मी ठरवलं." इंद्रजितचा आवाज अगदी सपाट होता. "पाय मोडायचाच होता मला. बॉलकडं मी बघितलंच नाही. तुम्ही टीव्हीवर बोलत होता तेव्हा मी दवाखान्यात बघत होतो. ओरडावंसं वाटलं. पण आई शेजारी बसून रडत होती, देव पावला म्हणून."

रणधीरचा तारेने बांधलेला जबडा दुखायला लागला. त्याच्या डोळ्यांसमोर सुकुमार आला, मोडक्या काठीशेजारी फरशीवर पडलेला. या पोरासाठी त्याने सुकुमार गमावला होता, आणि पोरगा निर्दोष नव्हता. क्षणभर त्याला पोराचा इतका राग आला की हात शिवशिवला. मग त्याने त्या पट्टीकडे बघितलं. पट्टीच्या कडेला पिवळट डाग पडला होता. त्र्याण्णवचा आकडा खरा असो की खोटा, या पोराने त्याची भरपाई त्याच दिवशी मैदानात केली होती. रणधीरने चोवीस वर्षं केली नव्हती.

"आता सगळे म्हणतात, बिचारा," इंद्रजित म्हणाला. "परवा आदिनाथचा पण फोन आला. माझा डोळा कसा आहे म्हणून विचारत होता. सॉरी म्हणाला, त्याच्या पेठेकडून. मी काय करू काका?"

रणधीर दातांच्या फटीतून, एकेक शब्द सोडवत बोलला. "आजच जा त्याच्याकडं."

"तो बरा झाला की जातो."

"आज. त्याचा पाय प्लास्टरमध्ये आहे तोवर जा. तो तुझ्याशी चांगलं वागायला लागलाय. अजून थोडा चांगला वागला, की मग तुझं तोंड उघडणार नाही."

इंद्रजितने खिडकीबाहेर बघितलं. समोरच्या गच्चीवर कमानवेसचं निशाण वाऱ्यावर फडफडत होतं.

"मारतील मला तिथं."

"मारतील," रणधीर म्हणाला. खोटं सांगायचं त्याच्या मनात आलं नाही.

इंद्रजित उठला. डाव्या बाजूचं न दिसण्याची त्याला अजून सवय झाली नव्हती. त्याचा खांदा दाराच्या चौकटीला आपटला, तो थांबला, हाताने चौकट चाचपून बाहेर आला आणि उंबऱ्यापाशी चपला शोधायला लागला. आई कप घेऊन बाहेर आली आणि तिने विचारलं, की चहा सोडून निघालास कुठं.

"तोफखान्यात," तो म्हणाला.